आखूड स्प्रिंगा आणि काकूचं गणित

माझी नात मुक्ता परवा मोबाईल हातात धरून माझ्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, रोजच्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग टाकू की कॉइलओव्हर?" तिच्या आईला वाटलं, पोरगी म्हातारीची फिरकी घेऊन राहिली आहे. मी चष्मा पुसला, मोबाईलमधली ती जमिनीला चिकटलेली लाल गाडी नीट पाहिली आणि उलट विचारलं, "गाडीत बसतं कोण कोण?" मुक्ता म्हणाली, मी एकटी, खामगाव ते मोताळा, बँकेत जायचं आणि परत यायचं. मग मी तिला अर्धा तास असं काही सुनावलं की तिची आई पोळी तव्यावर करपवून बसली. या घरात अजूनही लोकांना वाटतं की मला फक्त लोणच्यातलं कळतं. स्प्रिंगांतलं मला जे कळतं ते मी एका वर्षी एकाच दिवशी शिकले, आणि शिकवणी फार महागात पडली. मला नव्हे, माझ्या बापाला आणि वांग्यांना.

तेव्हा आम्ही पिंपळगाव राजाला राहत होतो. बाबा खामगावच्या शाळेत गुरुजी, काका मळ्यात वांगी, कोथिंबीर, मिरची लावायचे, आणि दोघा भावांनी मिळून एक जुनी पांढरी मारुती घेतलेली. गाडी घेताना चालवणार कोण हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. बाबांना क्लच दाबला की गिअर विसरायला व्हायचा. काका बैलगाडीवर वाढलेले, समोर म्हैस आली की ब्रेक दाबायचा सोडून तोंडानं "हो, हो" करायचे. एकदा तसंच करत ते गाडीसकट शेणाच्या उकिरड्यात शिरले आणि किल्ली माझ्याकडे आली. मी खामगावला बी.एड. करत होते, रोज जायचंच होतं. त्यामुळे सकाळी गाडी निघायची ती अशी: पुढच्या सीटवर बाबा, कारण मोठ्या माणसाची जागा पुढे, डिकीत वांग्यांच्या टोपल्या, मागे काका, काकांच्या मांडीवर मिरच्यांचं गाठोडं, आणि उरलेल्या जागेत दवाखान्याला, कचेरीला, लेकीकडे जाणारं गावातलं जे कोणी असेल ते. घरातून निघताना गाडी भरलेली असायची आणि रस्त्यात आणखी भरायची. कोणी हात केला की बाबा म्हणायचे, "थांबव, बेबी." आमच्या घरची गाडी हात केलेल्या माणसाला ओलांडून जात नसे. जागा नाही हे वाक्य मी त्या गाडीत कधी ऐकलं नाही. जागा असतेच, सरकलं पाहिजे, एवढंच.

आणि या भाजीबाजाराची चालक कोण, तर मी. दोन वेण्या, पंजाबी ड्रेसवर घड्याळ, आणि मनात असं की आपण कोणी साधंसुधं माणूस नाही. खामगावात एका डॉक्टरांची सून पुण्याहून गाडी घेऊन आली होती. तीही मारुतीच, पण बसलेली कशी, मांजर उंदरावर दबा धरून बसते तशी. चाकं मडगार्डच्या आत गेलेली, वळणावर जराही कलत नव्हती. माझी गाडी तिच्या शेजारी उभी राहिली की नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचून चिखलातून निघालेल्या बाईसारखी दिसायची. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. रद्दीच्या दुकानातून मोटारींची इंग्रजी मासिकं आणून मी शिक्षणाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात लपवून वाचायची. वर्गात बाई बालकाच्या वाढीच्या पायऱ्या सांगत असायच्या आणि मी मनात गाडी इंचाइंचानं खाली उतरवत असायची.

खामगावात युसूफभाईंचं गॅरेज होतं. माणूस मोठा हौशी. पान तोंडात, केसांना तेल, आणि स्वतःच्या स्कूटरला लावलेले आरसे मोजायला वेळ लागावा इतके. त्यांच्या कुठल्याशा नातलगाचं मुंबईत मोटारींच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी मला दोन रस्ते सांगितले. एक, आखूड स्प्रिंगा. जुन्या काढायच्या, या टाकायच्या, गाडी जेवढी खाली जाईल तेवढी गेली, विषय संपला. दुसरा, स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला सेट, त्याला बोल्टसारखे आटे; पाना घेऊन फिरवलं की गाडी वर, फिरवलं की खाली. आज त्यालाच मुक्ता कॉइलओव्हर म्हणते. युसूफभाई त्याला, त्या आट्यांवरून, चूडीवाला म्हणायचे, आणि त्यांचा सगळा जीव त्यातच अडकला होता. गरज कोणाला होती? पण खामगावात तसला सेट आजवर कोणी बसवला नव्हता आणि पहिला आपल्या हातून बसावा एवढीच त्यांची तळमळ. "बेबीताई, पूरे जिल्ह्यात नाव होईन आपलं," ते म्हणायचे, "बुलढाण्याहून लोक पाहाले येतीन."

मी काय उत्तर दिलं ते आज लिहितानाही मला हसू येतं. मी म्हटलं, "युसूफभाई, ज्याला स्वतःचं ठरवता येत नाही त्यानं वरखाली करत बसावं. मला माझी उंची ठाऊक आहे." काय तो आवाज, काय ती मान. ठरवलं कसं होतं, तेही ऐका. सकाळी अंगणात गाडी धुतल्यावर तिच्यासमोर उकिडवी बसून टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मी बोटं घालून पाहिली होती. चार बोटं शिरली, तेव्हा दोन बोटं खाली आणायला हरकत नाही. हिशेब चोख होता. गाडी तेवढी रिकामी होती. आमच्या घरात जी गाडी जन्मात कधी रिकामी धावली नाही तिचं माप मी रिकामी असताना घेतलं, आणि वर स्वतःवर खूश होऊन दूध तापवायला आत गेले.

बाबांची परवानगी काढणं सोपं गेलं. त्यांना कोणतीही गोष्ट विज्ञानातून सांगितली की ती पटायचीच. मी म्हटलं, गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो. बाबांचे डोळे चमकले. त्यांनी लगेच खडू घेऊन ओट्याच्या फरशीवर गाडी काढली, तिच्या पोटात एक टिंब काढलं, टिंबातून बाण खाली सोडला, आणि शेजारच्या दोघांना बोलावून स्थैर्य म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझ्या शिकवण्यांचे पैसे होतेच. गाडी युसूफभाईंकडे गेली आणि आज येते, उद्या येते करत काही दिवस तिथेच राहिली. आली तेव्हा मी ती अंगणात अशी आणून लावली जशी नवरी मांडवात आणतात. काका बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आतून सायकलचा पंप घेऊन आले. म्हणाले, "काऊन वं बेबे, चारी चाकातली हवा एकदमच गेली?"

या सगळ्यात काकूकडे माझं लक्ष नव्हतं, आणि या प्रकरणातली खरी गोष्ट तर काकूची आहे. काकू म्हणजे काकांची बायको, शांताकाकू. गावातल्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. तिथल्या सेविकाबाई वय झालं म्हणून जाणार होत्या. ती जागा काकूला मिळू शकत होती, पण दहावी पास पाहिजे होती, आणि काकूची शाळा लग्नानं नववीतच सुटलेली. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. घरात कोणी नको म्हटलं नाही, कोणी हो सुद्धा म्हटलं नाही. परीक्षा नेमकी कुरडयांच्या दिवसांत. गव्हाचा चीक घाटायचा तो काकूनंच. तिच्या हातची कुरडई तळली की ताटभर फुलायची. त्यामुळे पहाटे अंगणात चुलीवर चीक रटरट करतो आहे, काकू लाकडी दांडक्यानं तो घाटते आहे, आणि दांडक्याच्या तालावर पुटपुटते आहे, ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग. चिकाचा तो आंबूस वास आणि बीजगणित माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत. बी वर्ग आलं की मला कुरडई खावीशी वाटते.

तिला गणित मी शिकवायचे. भाषांची तिला भीती नव्हती, पण गणिताचं नाव काढलं की तिच्या तळहाताला घाम सुटायचा. भाषांच्या पेपरांना ती एसटीनं उभ्यानं गेली, कारण गाडी युसूफभाईंकडे माझी हौस पुरवून घेत होती. एसटीत काकूला मळमळायचं. इंग्रजीच्या पेपराला ती ओकूनच वर्गात गेली. मी तिला म्हटलं, गणिताला मी नेते तुला, आपल्या गाडीतून, आरामात. ती एवढंच म्हणाली, "नेजो मंग. गणित गेलं तं सारंच गेलं, बेबी."

बीजगणिताच्या दिवशी सकाळी घर कसं होतं ते सांगते. आईनं काकूच्या हातावर दही ठेवलं. काकूनं डोक्यावरचा पदर घट्ट केला, कारण बाबा ओसरीवर बसले होते. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण ती त्यांच्यासमोर उभी राहत नसे की एक शब्द बोलत नसे. काही सांगायचं असेल तर मला किंवा आईला सांगायची, मग आम्ही तेच बाबांना सांगायचो, जरी त्यांनी ते आधीच ऐकलेलं असलं तरी. गाडीतही ती मागे मधोमध बसायची, दोन्हीकडून दाबलेली. त्या दिवशीही बाबा पुढे, मागे काका, काकू आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेले शेजारचे गणपतआबा. डिकीत वांगी, काकूच्या मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं, गाठोड्यावर लिहायचं पॅड, कंपास आणि हॉलतिकीट. नव्या स्प्रिंगांवर गाडी पहिल्यांदाच भरली होती, आणि सुरू केली तेव्हाच मागून टायर मडगार्डला घासल्याचा आवाज आला. मी ऐकला, आणि न ऐकल्यासारखं केलं.

गावाबाहेर पडलो तर वडाखाली एक ओळखीची बाई तान्हं पोर घेऊन उभी. तिनं हात केला. बाबा म्हणाले, "थांबव, बेबी." मी थांबवली. ती बसली. गाडी अशी खाली गेली की रस्त्यावरचा खडा मला सीटखालून कळायला लागला.

आमच्याकडचे गतिरोधक सरकार बांधतं हा लोकांचा गैरसमज आहे. शाळेसमोर एक, मंदिरासमोर एक, आणि ज्याच्या पोराला कधी सायकलचा धक्का लागला त्यानं आपापल्या दारासमोर माती आणि खडक टाकून केलेले बाकीचे. पहिल्याच उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चाकं जागच्या जागी गुरगुरली. सगळे उतरले. रिकामी गाडी मी हळूच पलीकडे नेली, मग सगळे चालत आले आणि पुन्हा बसले. पुढच्या उंचवट्याला पुन्हा तेच. गणपतआबांना मजा वाटू लागली. ते उतरताना म्हणायचे, "चला, टेशन आलं." एका ठिकाणी पारावर बसलेल्या माणसांनी विचारलं, काय झालं, तर आबा म्हणाले, "काई नाई बा, गाडीले उचकी लागते. आमी खाली उतरलो का थांबते."  बाबा प्रत्येक वेळी छत्री घेऊन उतरायचे, छत्री घेऊन बसायचे. गुरुत्वमध्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

मग नळाच्या पाईपासाठी रस्ता आडवा खोदून वरवर बुजवलेला होता, तिथे खालून कडाड आवाज झाला आणि सायलेन्सर निसटला. गाडी फटफटीसारखी भुंकायला लागली. तान्हं पोर रडायला लागलं. सगळे पुन्हा रस्त्यावर. मी तारेनं सायलेन्सर बांधला, हात भाजले, वर पाहिलं तर काकू बाभळीखाली उभी. कोथिंबिरीचं गाठोडं अजून कडेवर, पदर डोक्यावर, ओठ हलत होते. पण आता ती सूत्रं म्हणत नव्हती. ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होती. माझ्याकडे नाही, नुसत्या घड्याळाकडे. तिनं किती वाजले ते विचारलंसुद्धा नाही. विचारायची सवयच नव्हती तिला.

मला वाटतं, माझ्या तरुणपणातला खरा दिमाख त्या डॉक्टरांच्या सुनेसमोर मिरवण्यात नव्हता. तो त्या बाभळीखाली मला एकदाच सापडला. सगळे पुन्हा बसायला निघाले होते. बाबा पुढचं दार उघडून आत टेकलेसुद्धा होते. मी म्हटलं, "सगळे इथंच थांबा. एकटी काकू येईल."

काका म्हणाले, आणि वांगे? मंडईत हर्रासीची, लिलावाची वेळ झाली. मी म्हटलं, डिकी उघडा आणि उतरवा. गाडीत बसवलेल्या माणसाला आमच्या घरानं वाटेत कधी उतरवलं नव्हतं, वांग्यांनासुद्धा नाही. ती तान्ह्या पोराची बाई बिचारी आपलं काही चुकलं का असं बघायला लागली. बाबा सीटवरून हलेनात. त्यांना वाटलं, सगळे म्हणजे बाकीचे. छत्री मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मी?"

"हाव बाबा, तुम्हीच. गाडीचा गुरुत्वमध्य तुमच्यातच हाय."

गणपतआबा असे हसले की त्यांना पाराचा आधार नव्हता म्हणून वांग्यांच्या टोपलीचा घ्यावा लागला. बाबा उतरले. काकू सवयीनं मागचं दार उघडायला गेली. मी तिला हाताला धरून पुढे बसवलं, भासऱ्यांच्या त्या अजून कोमट असलेल्या सीटवर. ती अशी अंग चोरून बसली जणू सीटला कळलं तर ती उतरवून देईल.

रिकामी गाडी काय पळाली म्हणून सांगू. मुक्ताला मी हे खुशाल सांगते, की आखूड स्प्रिंगांनी गाडी रस्त्याला चिकटते हे शंभर टक्के खरं आहे. वळणावर इकडची तिकडे होत नव्हती. सायलेन्सर भुंकत होता, म्हशी आपोआप बाजूला होत होत्या. काकू माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता एखादं सूत्र विचारील. ती म्हणाली, "बेबी, हे खिडकी कशी उघडते वं?" इतकी वर्षं त्या गाडीत बसून तिच्या वाट्याला खिडकी कधी आलीच नव्हती. मी हँडल दाखवलं. तिनं काच खाली केली, पदर वाऱ्यानं मागे गेला, आणि तिनं तो वर ओढला नाही. तशीच, उघड्या डोक्यानं, ती डोळे मिटून मोठ्यांदा सूत्रं म्हणायला लागली. इंजिनाच्या वरचढ आवाजात.

खामगावच्या परीक्षा केंद्राचं फाटक लावायला घेतलं होतं तेवढ्यात आम्ही पोचलो. काकू कंपास छातीशी धरून धावत गेली. कोथिंबिरीच्या काड्या तिच्या लुगड्याला लागलेल्या होत्या. गणितात ती काठावर सुटली आणि पुढे अंगणवाडीची सेविका झाली, हे इथंच सांगून टाकते. आजही पिंपळगावातली नातवंडं असलेली माणसं तिला बाई म्हणतात.

संध्याकाळी घरात जे वारं होतं ते विचारू नका. वांगी कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर उशिरा पोचली, हर्रास संपला होता, काकांनी ती रस्त्यात बसून विकली होती. बाबा शाळेत उशिरा पोचले होते, आयुष्यात प्रथमच. सायलेन्सर लावून घ्यायला गेले तेव्हा युसूफभाई मला गॅरेजात म्हणाले होते, मी तं पहिल्याच दिवशी बोललो होतो, चूडीवाला घ्या. आणि त्या दिवशी मी त्यांना काय बोलले होते ते मला चांगलं आठवत होतं. जेवायला बेसनाच्या पातोड्यांची भाजी आणि भाकरी होती.  बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "बेबी, उद्या गाडी नेऊन जुन्या स्प्रिंगा लावून आण." मी मान हलवली.  दोन बोटांची अक्कल सगळ्या गावानं पाहिली होती.

काकू चुलीसमोर भाकरी थापत होती, पाठ आमच्याकडे. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून, ती न वळता म्हणाली, "बेबी, तुह्या बाबाले सांग. माये पेपर होईलोक राहू दे म्हणा त्या स्प्रिंगा. दोघीच मावतो तिच्यात."

काकांचा घास हातात राहिला. आई मिठाचं भांडं पुसत बसली. ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, बाबांनीही, पण रीतीप्रमाणे मी त्यांच्याकडे वळून शब्द न शब्द सांगितलं, की काकूचे पेपर होईपर्यंत स्प्रिंगा राहू द्या. बाबांनी भाजीत भाकरी कुस्करली. बराच वेळ कुस्करली. मला वाटलं, आता म्हणतील, बाईमाणसाचं काय ऐकायचं.

"काकूला सांग," ते म्हणाले, "भूमितीत आकृत्या पेन्सिलीनं काढायच्या. पेननं काढल्या तर गुण कापतात. आणि पेन्सिलीला टोक घरूनच करून न्यायचं."

मी काकूकडे वळले आणि सांगायला तोंड उघडलं. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली, वळून बसली, आणि पदर तसाच खांद्यावर असताना, माझ्या डोक्यावरून थेट बाबांकडे पाहून म्हणाली, "हाव, भाऊजी."